पाचवं मुसळ

शुक्रवारी आमच्या गल्लीतले लूम बंद असतात, म्हणून फिल्मचं नाजूक काम मी शुक्रवारी करते. बाकीचे सहा दिवस खालच्या कारखान्यातले माग खटखटत असतात आणि वरच्या मजल्यावरची माझी खोली बारीक थरथरत राहते. पेल्यातल्या पाण्यात वलयं उठतात. भिवंडीत वाढलेल्या माणसाला ती थरथर कळतसुद्धा नाही, पण स्कॅनरला कळते. आठ मिलिमीटरच्या फिल्मवरचं एक चित्र करंगळीच्या नखाहून लहान असतं. इवल्याशा हादऱ्यानंही त्यातल्या माणसाचे डोळे पुसले जातात.

लोकांच्या घरात पडलेल्या जुन्या फिल्म साफ करायच्या, एकेक चित्र करून संगणकात उतरवायच्या, असा माझा धंदा आहे. प्रत्येक फिल्मचं मी रजिस्टर ठेवते. वास कसा, आकसली किती, ओरखडे कुठे. मला दिसतं ते मी लिहिते. पुढचं सांगतानाही तेच करणार आहे.

जानेवारीत धनेश बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन आला. तो खारबावच्या पलीकडच्या वाघळपाड्याचा, तिथल्याच एका गोदामात सुपरवायझर. त्याचे आजोबा रघू मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे. मास्तरांच्या मेव्हण्यानं बोटीवरच्या नोकरीतून त्यांना एक छोटा कॅमेरा आणून दिला होता, आणि मास्तरांनी त्यात गाव भरून ठेवलं होतं. लग्नं, भाताची झोडणी, होळीतल्या उड्या. डब्याचं झाकण उघडलं तसा खोलीभर आंबूस वास सुटला. फिल्म कुजायला लागली की असा वास येतो. सातांपैकी सहा रिळं चिकटून गुळाच्या ढेपेसारखी झाली होती. सातवं तेवढं वाचलं होतं. त्यावर मास्तरांच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी होती : ‘हळद कुटणे. मे १९७६.’

गावाला दाखवायचंय, असं धनेश म्हणाला. आणि गावाच्या आधी एका बाईंना.

त्या बाई म्हणजे मैनामावशी. पुढच्या शुक्रवारी ती धनेशबरोबर आली. एक्कावन्न वर्षांची, अंगानं बारीक, तीस वर्षं कांडी मशीनवर सूत भरून बोटांची टोकं गुळगुळीत झालेली. खुर्चीवर न बसता ती भिंतीशी टेकून उभी राहिली आणि मला सगळं सांगितलं, दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तसं. तिची आई मंगळी त्याच वर्षी पावसाळ्यात तीन दिवसांच्या तापानं गेली. मैना तेव्हा अकरा महिन्यांची. बापानं दुसरं लग्न केलं आणि पहिलीचं नाव कधी तोंडात घेतलं नाही. फोटो असा घरात एकही नव्हता. गावातल्या बाया मात्र सांगायच्या की मास्तरांनी गावातल्या एका लग्नाचं शूटिंग केलं तेव्हा मंगळी उखळापाशी होती.

“माजं तोंड कुनावर गेलंय त्ये मला म्हाईत न्हाय, पोरी,” ती म्हणाली. “एक फोटू काढून दे. भिंतीला लावीन.”

तेवढंच तिचं मागणं होतं.

रीळ तीन मिनिटं वीस सेकंदांचं. छत्तीसशे चित्रं. मी ते भिंगाखाली धरलं तेव्हा रंग अजून ताजे होते. आंब्याच्या डहाळ्यांचा मांडव, मांडवाच्या मेढीला बांधलेली बाळाची कापडी झोळी, मधोमध उखळ, आणि उखळाभोवती पाच बाया हळद कुटत होत्या. मुसळं एकापाठोपाठ एक वर जात होती, एकापाठोपाठ एक खाली येत होती. चौघींची तोंडं दिसत होती. पाचवी हिरव्या लुगड्यातली, कॅमेऱ्याकडे पाठ करून.

तीच मंगळी, हे नंतर मैनामावशीच्या गावानं सांगितलं. पण मला ते तेव्हाच कळलं होतं, कारण झोळी हलली की हिचंच मुसळ तेवढं अडखळत होतं, आणि उरलेल्या चौघींपैकी कुणीही त्या झोळीकडे बघत नव्हतं.

मास्तर हुशार माणूस. एका जागी उभं न राहता ते कॅमेरा घेऊन उखळाभोवती चालत गेले होते, पूर्ण फेरी. ते फिरले तशा चौघी एकेक करून पाठमोऱ्या झाल्या आणि पुन्हा समोर आल्या. हिरव्या लुगड्याची पाठ मात्र कॅमेऱ्याकडेच राहिली. पहिल्या चित्रापासून छत्तीसशेव्यापर्यंत. लाजली असेल, कॅमेऱ्याबरोबर तीही वळत राहिली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. रजिस्टरमध्ये लिहिलं : ‘पाचव्या स्त्रीचा चेहरा कोठेही नाही.’

मैनामावशीला पडद्यावर दाखवलं तेव्हा ती पुढे सरकली आणि त्या पाठीवर बोट ठेवलं. अंबाड्याखालच्या मानेच्या खळग्यावर. बराच वेळ तिनं बोट उचललं नाही.

“वळंल का गो?” तिनं विचारलं.

मी नाही म्हणाले. फिल्ममध्ये आहे तेवढंच असतं, मावशी. ती मान हलवून हसली, लहान मूल खोटं ऐकून हसतं तशी.

तरी तिनं हट्ट धरला म्हणून मी आणखी एकदा स्कॅन करायला घेतलं, या वेळी जास्त बारकाईनं. त्याला चार तास लागतात. धनेश ड्युटीवर गेला. मावशी माझ्यामागे जमिनीवर बसून राहिली. गल्ली शांत होती. माग बंद असल्यामुळे दूरवरच्या टपरीवरचा रेडिओसुद्धा ऐकू येत होता. दुपारी कधीतरी कुणीतरी काहीतरी कुटत असल्याचा आवाज आला. शेजारी मिरची कुटत असतील. मावशीनं डोळे मिटले होते, आणि त्या ठेक्यावर तिचं डोकं हलत होतं.

ती गेल्यावर मी दोन्ही फाइली शेजारी शेजारी लावल्या. हे मी नेहमी करते. दोन्हींत तोच धुळीचा कण, तोच ओरखडा, तेच कोपऱ्यातलं कुत्रं. दोन हजार एकशे चौदाव्या चित्रात मी थांबले.

पहिल्या फाइलीत अंबाडा आणि मान. दुसऱ्या फाइलीत अंबाडा, मान, आणि उजवा कान. कानात लाल खड्याची कुडी होती.

मी फिल्मचा तो तुकडाच भिंगाखाली धरला. कान होता. गालाची कडाही होती, चंद्राच्या कोरीएवढी.

रजिस्टरमध्ये पहिल्या नोंदीखाली तारीख घातली आणि पेन हातात धरून बसून राहिले. शेवटी लिहिलं : ‘पहिल्या वेळी नीट पाहिले नसावे.’

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी गावानं फिल्म बघितली. धनेशनं रिकामं पडलेलं एक गोदाम मागून घेतलं होतं. तिथे पूर्वी शेतं होती. आता मैलभर निळ्या पत्र्यांची छपरं आहेत. शटर खाली ओढलं की भर दुपारी आत काळोख. पडद्यासाठी गावातल्या कुणीतरी लूमवरून ताजं उतरलेलं कोरं ग्रे, म्हणजे अजून न धुतलेलं, कापड आणलं होतं, तीन पन्हे जोडून शिवलेलं. त्याला खळीचा वास येत होता. बायका पुठ्ठे पसरून खाली बसल्या, बाप्ये मागे लाकडी पॅलेटवर.

धनेश मला हळूच म्हणाला की तो मांडव इथंच होता. बरोबर या जागेवर. आजोबांनी वहीत नकाशा काढून ठेवलाय.

पहिल्यांदा फिल्म लावली तेव्हा नुसता गोंगाट झाला. माणसं पडद्यातल्या माणसांना हाका मारत होती. कोपऱ्यात नागडं उभं असलेलं पोर म्हणजे आत्ताचे माजी सरपंच दामू, हे कळल्यावर बाया पदर तोंडाला लावून हसल्या आणि एकीनं त्यांना विचारलं की चड्डी मिळाली का वो शेवटाला. सरपंचांनी तेव्हापासून शोधतोय म्हणून सांगितलं. हिरवं लुगडं पाठमोरं आलं आणि पाठमोरंच गेलं. कान दिसला, गालाची कड दिसली, बस्स. मैनामावशी पहिल्या रांगेत होती. ती हसली नाही.

मग मागून कुणीतरी म्हणालं, मुकं मुकं काय बघायचं, ठमाबाईला गाऊ दे.

ठमाबाई म्हणजे गावची धवलारीण. लग्नात भटजीइतकाच तिचा मान. मांडव घालण्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक कामाची गाणी तिच्या तोंडात. ऐंशी ओलांडलेली, डोळ्यांना अंधुक दिसणारी. त्या लग्नात तीच गायली होती. हळद कुटण्याचं गाणं असं असतं की धवलारीण एकेकीला नावानं उखळाशी बोलावते, आणि कुटून झालं की एकेकीला नावानं घरी धाडते. घरी जिचं जे वाट बघत असेल ते गाण्यात घालून. कुणाची गाय, कुणाची चूल.

मैनामावशी उठून तिच्यापाशी गेली. मी प्रोजेक्टरजवळ होते, मला सगळं ऐकू आलं.

“काकी, आयचं नाव घे.”

ठमाबाईनं पदर सावरून घेतला. मग म्हणाली, “घेईन. पन बोलावली का धाडावी लागंल. मधी अडवू नको.”

मावशी बरं म्हणाली.

मी फिल्म पहिल्यापासून लावली. ठमाबाईचा आवाज म्हातारा होता, पण त्यात एक बारीक तार होती, कोऱ्या सुतासारखी. तिनं हिरीला बोलावलं, बाळीला बोलावलं, चौघींना बोलावलं. मुसळं तिच्या तालावर पडत होती. की ती मुसळांच्या तालावर गात होती, सांगता येणार नाही. बायका गळा मिसळू लागल्या होत्या. गोदामाच्या पत्र्याला तो सूर लागून परत येत होता. हळदीचा वास येतोय असं मला वाटलं. ओल्या, नुकत्या फुटलेल्या हळदीचा.

*ये गो बाय मंगळे, मांडवाच्या दारी,*
*उखळ तुझं खोळंबलं, हात लाव तरी.*

हिरव्या लुगड्यातल्या बाईनं मुसळ उखळात टेकवलं आणि ती वळली.

गोदामात कुणी दचकलं नाही. कशाला दचकतील? बाई वळली एवढंच त्यांनी पाहिलं. पहिल्या वेळी आपलंच लक्ष नव्हतं असं प्रत्येकाला वाटलं असावं. अगं, मैनासारखीच हाय, असं कुणीतरी कौतुकानं म्हणालं.

मैनासारखीच होती. लेक एक्कावन्नची आणि आई बावीस-तेवीसची. कपाळावर घाम, कुंकू ओघळलेलं. ती सरळ समोर बघत होती, पहिल्या रांगेत.

मी संगणकाची कळ दाबून फिल्म थांबवली. मावशीला डोळे भरून बघता यावं म्हणून. त्या क्षणी मला दुसरं काही सुचलं नाही.

चार मुसळं हवेत थांबली. कुत्रं थांबलं. डहाळ्या थांबल्या.

मंगळीचा पदर हलत होता.

कापड हलत असेल म्हणून मी पडद्याच्या कडेकडे पाहिलं. कापड ताठ होतं.

“थांबवू नको,” ठमाबाई म्हणाली. तिला दिसत नव्हतं, तरी म्हणाली. “मुसळ मधी थांबवत न्हाईत. चालू कर, बाय.”

मी चालू केलं. ठमाबाईनं घाईघाईनं धाडायला सुरुवात केली. हिरीचं दूध उतू चाललं होतं. बाळीची गाय दाव्याला ओढत होती. चौघी गेल्या, म्हणजे गाण्यातून गेल्या. पडद्यावर त्या कुटतच होत्या. मंगळी मात्र कुटत नव्हती. ती बघत होती.

*जा गो बाय मंगळे, झोळीत बाळ रडं…*

मैनामावशीनं ठमाबाईचा हात धरला.

“काकी, कुठं धाडतेस तिला? तिचं लेकरू तर हितं बसलंय.”

ठमाबाईचा सूर तुटला. पडद्यावर रीळ संपलं आणि कोरं कापड तेवढं पांढरंफक उजळलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. धनेशनं शटर वर ओढलं. उन्हात सगळे डोळे चोळत उभे राहिले, चहा आला, आणि कुणीतरी सरपंचांना पुन्हा चड्डीवरून छेडलं.

ठमाबाई चहा न घेता बसून होती. जाताना तिच्या पाया पडले तेव्हा तिनं माझं मनगट धरून सांगितलं की गाणं अर्धं राहिलंय.

नऊ दिवसांनी धनेशचा फोन आला. ठमाबाईनं धोशा लावला होता : फिल्म परत लावा, मला धाडायची हाय. म्हातारी जेवत नव्हती. मैनामावशीही त्या रविवारपासून कामावर गेली नव्हती. तब्येतीला काही झालेलं नाही, उलट छान दिसते, पण दाराबाहेर निघत नाही. तो सहज सांगत होता, मी फोन कानाला धरून संगणक सुरू केला.

मावशीसाठी फोटो मी अजून छापला नव्हता. ती वळल्याची जागा शोधत गेले.

उखळाभोवती चार बाया होत्या.

पहिल्या चित्रापासून शेवटपर्यंत चार. चौघींची मुसळं पडत होती, मग एका ठोक्याएवढी जागा रिकामी जात होती, मग पुन्हा चार. पाचवं मुसळ जमिनीवर आडवं होतं. मेढीची झोळी सपाट लोंबत होती. कुत्रं तिथे नव्हतं. ते मांडवाच्या तोंडाशी जाऊन बाहेर बघत उभं होतं.

मी जुन्या दोन्ही फाइली उघडल्या. फिल्म काढून भिंगाखाली धरली. चार.

त्या दिवशी मंगळवार होता. खाली माग चालू होते, खोली थरथरत होती, म्हणून मी शुक्रवारपर्यंत थांबले आणि पुन्हा पाहिलं. मग फिल्म आणि संगणक पिशवीत घालून वाघळपाड्याला गेले.

आधी ठमाबाईकडे. मी तिला फिल्ममध्ये काय आहे ते सांगितलं. तिनं एकही प्रश्न विचारला नाही. एवढंच म्हणाली, “मांडवात जी न्हाय, तिला मी कशी धाडू? गानं मांडवातलं हाय.” मग मैनाच्या घराच्या दिशेनं हात केला आणि तोंड फिरवून घेतलं.

दुपारचे तीन वाजले होते. मैनामावशीचं घर गावाच्या टोकाला, मागे गोदामाची निळी भिंत. अंगण सारवलेलं होतं, ओलं, कडेनं बोटांची नक्षी ओढलेली. अशी नक्षी मी फक्त मास्तरांच्या फिल्ममध्ये पाहिली होती. चुलीवर काहीतरी शिजत होतं. मावशी उंबऱ्यात बसली होती, बाहेर तोंड करून, पाय पुढे सोडून. तिच्यामागे आत अंधार होता.

धनेश म्हणाला होता तशीच ती छान दिसत होती. गाल भरले होते. मला बघून हसली, पण उठली नाही, ये बस म्हणाली नाही. मोठ्या माणसाच्या परवानगीशिवाय बोलायचं नसलं की मुलं बसतात तशी बसून राहिली.

फोटोचं राहून गेलं, मी म्हणाले. काहीतरी बोलायचं म्हणून. काहीतरी करून काढून देईन.

“फोटू नको आता,” ती म्हणाली. “फोटू कशाला?”

मावशी, ठमाआजींना एकदा भेटशील का, मी विचारलं. त्या वाट बघतायत. तिचं हसू हळूहळू गेलं आणि तिनं खांद्यावरून मागे, आतल्या अंधाराकडे पाहायला मान वळवली. अर्धीच वळली. मग ती पुन्हा समोर झाली, कुणी हनुवटी धरून सरळ करावी तशी.

तेव्हा माझं लक्ष तिच्या केसांकडे गेलं. पिकलेले केस मोकळे होते. मधोमध काढलेला भांग दोऱ्यासारखा सरळ होता. तेल एवढं चोपडलेलं की कानामागून एक ओघळ मानेवर उतरत होता. तिचे दोन्ही हात मांडीवर होते.

तिचं डोकं एकदम मागे ओढलं गेलं, थोडंसंच, गुंत्यात फणी अडकल्यावर जातं तेवढं. डोळ्यांत पाणी आलं.

“हळू गो, आय,” ती म्हणाली.